काठी ठेवण्यात आली

अक्काची गाडी निवडण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी वर्तमानपत्रात आहे आणि वर्तमानपत्रातल्या माणसाला चौकशी करता येते असा आमच्या घरचा समज आहे.

अक्का माझी थोरली बहीण. दोन वर्षांची असताना तिच्या डाव्या पायाला पोलिओ झाला. मांडीपासून टाचेपर्यंत ती कॅलिपर बांधते, म्हणजे चामडी पट्टे आणि लोखंडी सळ्या. उभे राहताना गुडघ्याजवळची कडी खाली सरकवली की पाय ताठ होतो; बसल्यावर कडी वर ओढली की दुमडतो. उजव्या हातात अ‍ॅल्युमिनियमची काठी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षे नोकरी करते आणि आता तपासणी खात्याची प्रमुख आहे. मागावरून उतरलेला टॉवेल तिच्या टेबलावरून सरकतो. सुटलेला धागा दिसला की ती त्यावर निळ्या खडूने गोल काढते. तिच्या टेबलावरून सदोष माल पुढे गेल्याचे मी ऐकलेले नाही.

कारखान्यात ती स्वतःच्या स्कूटरवर जायची. मागे दोन जादा चाके लावलेली ती स्कूटर पूर्व भागातल्या सगळ्या गल्ल्यांना ओळखीची होती. मागच्या उन्हाळ्यात तिचा उजवा खांदा दुखू लागला. डॉक्टरांनी दोनपैकी एक निवडायला सांगितले, काठी किंवा स्कूटर. दोन्हींना पुरेल एवढा खांदा उरलेला नव्हता. स्कूटर बंद झाली. बावा, म्हणजे अक्काचे यजमान, तिला मोटारसायकलवर सोडू आणि आणू लागले. बावा जॉबर आहेत. बिघडलेले माग दुरुस्त करतात. त्यांचा कारखाना दुसऱ्या टोकाला. तिला सोडून ते रोज उशिरा पोचत. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. अक्का बोलली.

"मला पोचवायला रोज माणूस लागत असेल, तर ती माझी नोकरी नाही, तुमची आहे," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत बघते. नाही जमलं तर सोडते."

ती नोकरी सोडेल असे आमच्यापैकी कोणाला वाटले नव्हते, पण ती बोलते ते करते हेही सगळ्यांना माहीत होते. अम्मा, म्हणजे आमची आई, त्या दिवशी जेवली नाही. अम्मा अक्काकडेच राहते. अक्काला मदत लागेल असे सांगून ती तिथे राहायला गेली. प्रत्यक्षात तिच्या गोळ्या, चष्मा आणि टीव्हीचा रिमोट अक्काच शोधून देते.

चारचाकीचा विषय बावांनी काढला. अक्काचा उजवा पाय चांगला आहे, त्यामुळे क्लच नसलेली ऑटोमॅटिक गाडी ती चालवू शकत होती. पैशाचे त्या दोघांनी आपसात ठरवले. तो माझा विषय नव्हता. माझा विषय गाडी कोणती, हा होता.

चालवणे ही अडचण नव्हती. अडचण आत बसण्याची होती. धडधाकट माणूस ड्रायव्हरच्या दारातून शिरताना आधी डावा पाय आत टाकतो. अक्काचा डावा पाय तेव्हा ताठ असतो. तिला दाराकडे पाठ करून आधी सीटवर बसावे लागते, मग कडी काढून डावा पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो, मग उजवा. सीट फार खाली असेल तर उठता येत नाही. फार वर असेल तर बसता येत नाही. दाराच्या तळाशी असलेला पत्र्याचा काठ उंच असेल तर पाय वरून न्यावा लागतो. या काठाला काय म्हणतात हे चार शोरूममध्ये विचारले, चार उत्तरे मिळाली. बावांनी त्याला उंबरा म्हणायला सुरुवात केली आणि नंतर शोरूमवालेही उंबराच म्हणू लागले.

सीट किती उंच हवी, हे अक्काने एका वाक्यात सांगितले: माझ्या टेबलाच्या स्टुलाएवढी. बावा मोजपट्टी घेऊन तिच्या कारखान्यात गेले. बावीस इंच. मी वही काढली, रकाने आखले. सीट, उंबरा, दार, काठी, शेरा.

तीन रविवार आम्ही शोरूम फिरलो. पहिली गाडी बुटकी होती. अक्का तीत बसली नाही, पडली. उठताना बावांचे दोन्ही हात लागले. दुसरी गाडी बावांना आवडली. ती इतकी उंच होती की तिच्या आरशात मला फक्त माझे केस दिसले. बावा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

"गाडी अशी पायजे," ते म्हणाले. "चौकात उभी राहिली की लोकांनी इचारलं पायजे, कुणाची हाय म्हणून."

अक्काने उंबऱ्याला काठी लावून पाहिली. तो तिच्या गुडघ्याला लागत होता. तिने विक्रेत्या मुलीला विचारले, "शिडी गाडीबरोबर देता, का वेगळी घ्यायची?" मुलगी विचारून सांगते म्हणाली आणि खरोखर विचारायला गेली. परत आली तेव्हा ती स्वतःच हसत होती.

तिसऱ्या शोरूममधली गाडी मध्यम उंचीची होती. सीट साडेबावीस इंच. उंबरा जवळजवळ नाहीच. अक्का बसली, पाय आत आले, दार लागले, चक्करही मारून झाली. तेव्हा अक्का शेजारच्या सीटवर होती, मागे आम्ही. अक्काचा जुना परवाना स्कूटरचा, म्हणून चक्कर विक्रेत्याने मारली. त्याआधी अक्काने फक्त स्टिअरिंग धरून बसून पाहिले होते. बावा उंच गाडीच्या दुःखातून अजून बाहेर आले नव्हते, तरी त्यांनीही मान हलवली. मंगळवारी जाऊन गाडी नोंदवायची ठरले.

सोमवारी दुपारी मी वहीवरून स्वच्छ प्रत तयार केली. बातमीच्या सवयीने लिहिली. त्यातला मजकूर असा होता:

"दार पूर्ण उघडण्यात आले. सीट मागे घेण्यात आली. आसनस्थ होण्यास अडचण आली नाही. काठी मागील आसनावर ठेवण्यात आली. दार लावण्यात आले. वाहन सोयीचे आढळले."

संध्याकाळी अक्काकडे गेले आणि कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचला नाही, तपासला. जेवणाच्या टेबलावर सपाट पसरला, कडेने हात फिरवला आणि पर्समधून खडू काढला. कागदावर खडू नीट उठत नाही, तरी निळे गोल दिसत होते. चार गोल. मग तिने पहिल्या गोलावर बोट ठेवले.

"दार उघडण्यात आलं. कुणी उघडलं?"

मी आठवून पाहिले. विक्रेत्या मुलाने.

"सीट मागं घेण्यात आली."

त्यानेच.

"काठी ठेवण्यात आली. कुणी ठेवली?"

"मी," मी म्हणाले.

"आणि दार लावण्यात आलं?"

बावा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"म्हणजे या गाडीत बसायला चार माणसं लागतात," अक्का म्हणाली. "मी धरून. रोज सकाळी तुम्ही तिघं येणार आहात का कारखान्यात?"

अम्माने आतून विचारले की काय झाले. बावा म्हणाले, "संपादकबाईंच्या बातमीत चूक निघाली."

चूक साधी नव्हती. बावीस वर्षे मी डेस्कवर बसते. पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येतो, रस्ता खोदण्यात येतो, निवेदन देण्यात येते. कोणी ठेवला आणि कोणी खोदला, हे लिहायला जागा नसते. कधी जागा असते, पण इच्छा नसते. हे क्रियापद आम्हाला इतके सवयीचे आहे की त्यातून माणूस गळून पडला आहे हे दिसतही नाही. तीन रविवार मी अक्काच्या शेजारी उभी राहून तिची काठी घेत होते. ती देत होती असे नाही. मी घेत होते. लहानपणापासून घेत आले. माझ्या वहीत त्याची नोंद झाली नाही, कारण ती माझ्या लेखी घटना नव्हती. बावांचा हात तर तिच्या पाठीमागे आपोआप जातो. लग्नाला चोवीस वर्षे झाली आहेत.

अक्का रागावलेली नव्हती. सदोष लॉट वेळेत सापडला की तिचा चेहरा जसा होतो, तसा झाला होता. मंगळवारी गाडी नोंदवायची नाही, पुन्हा तपासायची, एवढे तिने सांगितले. नियम एकच. कोणी हात लावायचा नाही.

मंगळवारी तिने अर्धी रजा घेतली. आम्ही परत तिसऱ्या शोरूममध्ये गेलो. विक्रेत्या मुलाने सवयीने दाराकडे धाव घेतली. त्याला थांबवावे लागले. ग्राहकासाठी दार उघडायचे असे आम्हाला शिकवतात, असे तो अगतिक होऊन सांगू लागला. अक्काने त्याला हात मागे बांधून उभे राहायला सांगितले. तो प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा उभा राहिला. माझ्या एका हातात वही, एका हातात पेन. प्रश्न बावांचा होता. त्यांचे हात मोकळे राहिले असते तर नियम टिकला नसता, हे अक्काला माहीत होते. शोरूमने चहा दिला होता.

"अहो, हे दोन्ही कप धरा," ती म्हणाली. "माझाही. आणि सांडू नका."

बावा दोन कप घेऊन उभे राहिले.

अक्काने दार उघडले. पाठ केली, बसली. कडी काढली, पाय आत घेतले. इथपर्यंत ठीक. मग तिने काठी डावीकडे न्यायला घेतली. दोन सीटच्या मध्ये हात टेकवायचा एक जाडजूड खोका होता, त्यावरून काठी जाईना. वळवली तर स्टिअरिंगमध्ये अडके. ती बाहेर काढावी तर ठेवायची कुठे. शेवटी तिने काठी मांडीवर आडवी घेतली आणि दाराकडे हात केला. दार पूर्ण उघडे होते. तिच्या बोटांपासून हातभर लांब. तिने काठीच्या मुठीने दाराची कडी ओढायचा प्रयत्न केला. मूठ निसटली. पुन्हा केला. तिसऱ्यांदा मूठ निसटली तेव्हा बावा एक पाऊल पुढे आले आणि त्यांच्या डाव्या हातातला चहा त्यांच्या बुटावर सांडला.

"जागेवर," अक्का आतून म्हणाली.

चौथ्यांदा दार आले. एवढे सगळे करायला साडेसहा मिनिटे लागली होती. खांदा चोळत ती बाहेर उतरली आणि विक्रेत्या मुलाला म्हणाली, "गाडी चांगली आहे. माझी नाही." मुलाने हात सोडले आणि आपली चूक झाली का असे विचारले. चूक रविवारी मदतीला आलेल्या तुझ्या हाताची, बाकी काही नाही, असे तिने त्याला सांगितले.

दिवाळीला दहा आठवडे होते.

त्यानंतर गाडी बघायला आम्ही कपांसकट जाऊ लागलो. रिकामे दोन स्टीलचे पेले बावा घरूनच आणत. एका शोरूममधल्या लोकांना वाटले की आम्ही चहाची अपेक्षा करतो आहोत, आणि त्यांनी ते भरून दिले. दोन गाड्या उंबऱ्यावर नापास झाल्या, एक काठीवर.

जी गाडी मिळाली ती दाखवायला ठेवलेलीच नव्हती. शोरूमच्या मागच्या आवारात धूळ खात उभी होती. उंच, चौकोनी, डब्यासारखी. ती माझ्या यादीत सगळ्यात शेवटी होती. शेरा होता, दिसायला साधी. दाखवणाऱ्याने आधीच माफी मागितली की ही लोक फारशी घेत नाहीत. बावांनी तिला लांबूनच ओळखले.

"ही तर पावाची गाडी की. सकाळी बेकरीवाला आणतो तशी."

"पाव वेळेवर पोचतो," अक्का म्हणाली. "पेले धरा."

दार उघडताना मध्ये एकदा अडकून थांबले. दाखवणाऱ्याने परत माफी मागितली आणि अजून जोर लावा म्हणाला. अक्काने जोर लावला नाही. दार तिथेच राहू दिले. गाडी डब्यासारखी असल्यामुळे दार उंच आणि रुंद होते आणि अर्धे उघडले तरी तिला पाठमोरे बसायला पुरत होते. सीट बावीस इंच. उंबरा बोटभर. ती बसली. पाय आत आले. दोन सीटच्या मध्ये काहीच नव्हते, नुसती सपाट जागा. तिने काठी तिथून मागे सरकवली. काठी आडवी पडली आणि तिची मूठ कोपराजवळ राहिली. मग तिने हात बाहेर काढला. अर्ध्यावर थांबलेल्या दाराची कडी हातात आली. दार लागले.

दार अक्काने लावले.

दोन मिनिटे चाळीस सेकंद. तिने सगळे उलट केले, उतरली, पुन्हा बसली. एक मिनिट पन्नास. तिसऱ्या वेळी एक मिनिट दहा. बावांच्या हातातले पेले एकमेकांवर वाजत होते, कारण ते हसत होते आणि हसताना त्यांचे खांदे हलतात. तिसऱ्या वेळेनंतर अक्का उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. दाखवणाऱ्याने खिडकीशी जाऊन विचारले, मॅडम, काही मदत हवी का.

"नको," ती म्हणाली. "बसलेय."

त्या दिवशीच्या प्रतीत मी प्रत्येक वाक्याची सुरुवात अक्काने अशी केली. अक्काने दार उघडले, अक्काने कडी काढली, अक्काने काठी ठेवली. डेस्कवर अशी प्रत आली असती तर मी सातपैकी सहा अक्का कापल्या असत्या. ही तशीच ठेवली. तिने तपासली. खडू पर्समधून बाहेर निघाला नाही.

गाडी घरी आली तेव्हा गल्लीतल्या बायका ओवाळायला उभ्या होत्या. अम्माने चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ वाढवला आणि सांगितले की पहिल्यांदा बसताना उजवा पाय आधी टाक. अक्काने तिला समजावले की तिचा उजवा पाय शेवटी येतो. मग डावा आधी का, अम्माने विचारले.

"मी आधी बसते, अम्मा. पाय मागनं येतात."

अम्माने थोडा विचार केला. मग शेजारणीला म्हणाली की राजे लोकांचं असंच असतं, राजा आधी बसतो आणि लवाजमा मागून येतो. हे तिने त्या दिवशी निदान सहा जणींना सांगितले.

शिकायला पंधरा सकाळी गेल्या. कारखान्याच्या मागच्या मोकळ्या मैदानात बावा शेजारी बसून शिकवत. ते मराठीत चेष्टा करतात आणि तेलुगूत रागावतात. काच खाली असल्यामुळे दोन्ही भाषा मैदानापलीकडे ऐकू यायच्या. अक्का ब्रेक जोरात दाबायची. आयुष्यभर ज्या पायावर सगळा भार घेतला, त्या पायाला हळू दाबणे माहीत नव्हते, हे तिचे म्हणणे. ते हळूहळू जमले. आरटीओत तपासणी झाली, परीक्षा झाली, परवान्यावर चारचाकी चढली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी तिला गाडीत बसायला मदत करू का असे विचारले, आणि माझ्याकडे आणि बावांकडे पाहिले. आम्ही दोघांनीही हात मागे बांधले होते. ते ठरवून केलेले नव्हते.

पहिल्यांदा एकटी ती एका सोमवारी गेली. दिवाळीला नऊ दिवस राहिले होते. मी तिथे नव्हते. पुढचे बावांनी सांगितलेले आहे. ती पावणेनऊला निघाली. बावा गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले, गाडी वळेपर्यंत थांबले आणि घरी येऊन फोन हातात धरून बसले. वीस मिनिटांचा रस्ता. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले, फोन आला नाही. पावणेदहाला त्यांनी लावला, तिने उचलला नाही. दहाला मला लावला. मी कारखान्याच्या ऑफिसात लावला. तिथल्या माणसाने सांगितले की मॅडम कधीच्या आल्यात, एका लॉटमध्ये फॉल्ट निघालाय, टेबलावर आहेत, बोलवू का. मी नको म्हणाले.

सव्वाअकराला तिचा फोन बावांना आला. ते आजही तो प्रसंग तिच्या आवाजात सांगतात. फोन का केला नाही, असे त्यांनी विचारले होते.

"विसरले," ती म्हणाली. "रोज पोचल्यावर फोन करते का मी तुम्हाला?"

बावांच्या सांगण्यानुसार त्यांनी फोन ठेवला आणि मोटारसायकल काढली. मागची सीट रिकामी, त्यामुळे गाडी फार हलकी वाटली. ते कारखान्यात पोचले, दिवसभर तीन माग दुरुस्त केले आणि ज्याला भेटतील त्याला सांगितले की आज घरातली माणसं आपापली कामावर गेली.

संध्याकाळी अक्का सहाला सुटते. साडेसहाला घरी यायला हवी होती. मी सातला तिच्याकडे पोचले, तेव्हा ती आली नव्हती. अम्मा दारात, बावा गल्लीत. या वेळी कोणी फोन केला नाही. सकाळचे उत्तर सगळ्यांच्या लक्षात होते. साडेसातला पावाची गाडी गल्लीत वळली. दिवे लागले होते. तिने गाडी भिंतीला समांतर लावली, पहिल्याच प्रयत्नात. दार अर्ध्यावर थांबले. ती उतरली, काठी घेतली आणि आमच्या तिघांसमोरून घरात गेली. चेहऱ्याला वारा लागलेला होता, केस विस्कटलेले.

कुठे होतीस, अम्माने विचारले. फिरून आले, अक्का म्हणाली, आणि भूक लागली म्हणाली. कुणाबरोबर, असे अम्माने विचारले. स्कूटर बंद झाल्यापासून तो प्रश्न योग्य होता. अक्काने कुणाबरोबर नाही अशी मान हलवली.

बावा बाहेर जाऊन मीटर बघून आले. घर ते कारखाना आणि परत, अकरा किलोमीटर. मीटरवर तीस वाढले होते. एकोणीस जादा. जेवताना आम्ही त्यावर बोललो. बावांचा अंदाज होता, कुंभारीच्या बाजूला गेली असेल, रस्ता सरळ आहे. अम्माला वाटत होते, सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारल्या असतील. मी व्यवसायाने विचारणारी आहे, म्हणून तिला सरळ विचारले, नेमकी कुठे गेली होतीस.

अक्काने भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाची चटणी लावली आणि मजेत माझ्याकडे पाहिले.

"सगळं तुला कशाला सांगू?" ती म्हणाली.

तिने ते अजून सांगितलेले नाही.